तुम्ही विचारलंत म्हणून: या गाठी कुणाकडून आल्या?

लोकलमध्ये शेजारची बाई माझ्या हाताकडे बघते, जराशी सरकते आणि विचारते, "हे लागतं का हो?" न विचारता उठून जाणाऱ्यांपेक्षा ही बरी.

नाही लागत. चामखीळ नव्हे, चरबीची गाठही नव्हे. नसेच्या आवरणातल्या पेशी वाढून ही होते, न्यूरोफायब्रोमा. बोटाने दाबली की आत जाते, सोडली की वर येते. कॅन्सर नाही. मला वयात येताना पहिल्या दिसल्या, बाळंतपणात वाढल्या, पुढे मी मोजणंच सोडलं. ब्लाउजला घासणाऱ्या चार काढून घेतल्या. मांडीतली खोलवरची मात्र तशीच आहे, कारण नसेचे तंतू तिच्यातूनच गेलेत. श्वानोमा नावाची तिची चुलत बहीण असते, ती नसेच्या कडेला पिशवीत वाढते, त्यामुळे बहुतेक वेळा नस राखून सोलून काढता येते. माझ्या नशिबी ती नव्हती.

दुसरा प्रश्न हमखास येतो: "कुणाकडून आलं?" हा प्रश्न माझ्या आईने माझ्याहून जास्त ऐकलाय. जन्मापासून माझ्या अंगावर दुधाच्या चहासारखे डाग. ग्रहणात हिने विळीवर भाजी चिरली, असं आजीने ठरवून टाकलं आणि आईनेही ते मानलं. अगदी मी तिशीची होईपर्यंत.

मग एका डॉक्टरांनी माझी काख बघितली (तिथे बारीक ठिपके असतात), बुबुळं तपासली, आणि आईबाबांनाही बोलावलं. दोघांत काहीच नाही. सतराव्या गुणसूत्रावर एनएफ१ नावाचं जनुक असतं, पेशींच्या वाढीला लगाम घालणारं. १९९० साली ते सापडलं. ते बिघडलं की हे डाग आणि गाठी येतात. हा बिघाड साधारण निम्म्या लोकांत आईबापांकडून येतच नाही, नव्याने होतो. माझा तसाच. डॉक्टर बरंच काही सांगत होते. आईने एवढंच विचारलं, "म्हणजे विळीमुळे नाही ना?"

पण हा बिघाड माझ्यापासून पुढे जाऊ शकतो, प्रत्येक मुलात निम्मी शक्यता. धाकट्याला नाही, लेकीला आहे. शाळेत जायच्या आधीच तिच्या अंगावर अर्ध्या सेंटिमीटरहून मोठे सात डाग होते, सहा झाले तरी डॉक्टर सावध होतात. वर्षातून एकदा तिचे डोळे आणि रक्तदाब तपासून घेते. एखादी गाठ भराभर वाढली किंवा दुखू लागली, तर थांबायचं नाही, एवढं तिला शिकवलंय. अशी एखादी क्वचित बिघडते, कॅन्सरची होते.

तिला कुणी विचारलं की ती सरळ सांगते, "आईकडून."