सुतळीतला भुलभुलैया

टी.वाय.च्या मुलांना अंतर्गत मूल्यमापनासाठी विषय दिला होता : अद्भुतरम्य कादंबरीतलं स्थळ आणि तिचं शीर्षक. पुस्तक ज्याचं त्यानं निवडायचं. त्या दिवशीची सगळीच मांडणी बरी झाली, पण लिहावंसं वाटतंय ते एकीबद्दल. ती जन्मापासून दृष्टिहीन आहे, पुस्तकं मोबाइलवर ऐकून वाचते. तिनं घेतली होती अर्सुला ले ग्विन यांची १९७१ सालची 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', म्हणजे अटुआनची थडगी.

बोलायच्या आधी तिनं पहिल्या बाकावर एक पुठ्ठा दिला. त्यावर फेविकॉलनं सुतळी चिकटवलेली. कुठे वळणं, कुठे फाटे, एका टोकाला बटण. "डोळे मिटून बोट फिरवा. पुस्तकात नकाशा आहे म्हणतात, पण माझा फोन तिथे नुसतं 'इमेज' म्हणतो. मजकुरात सापडल्या तेवढ्याच वाटा केल्यात."

कथा अटुआन बेटावरच्या एका ओसाड देवस्थानात घडते. नऊ शिळा, हीच ती थडगी, खाली तळघर, तिथे उजेड नेणं निषिद्ध, आणि त्यापुढे भुलभुलैया. टेनार नावाच्या चिमुरडीला घरातून आणून मुख्य पुजारीण करतात आणि तिचं नाव काढून घेतात. आता ती अर्हा, म्हणजे गिळलेली.

"अंधार म्हणजे भीती असं सगळे लिहितात," ती म्हणाली. "पण थार नावाची पुजारीण अर्हाला वाटा तोंडी सांगते, ही त्या पाठ करते, मग भिंत चाचपत, फाटे मोजत जाते. हॉस्टेलला आल्यावर पहिला आठवडा मी हेच केलं. मला ती पानं ओळखीची वाटली. अंधाराला घाबरते ती दुसरी पुजारीण कोसिल, आणि खरी भीती वाटावी अशीही तीच."

शीर्षकावर तर तिनं मला थांबवूनच टाकलं. थडग्यावर नाव असतं. ही थडगी मात्र नाव नसलेल्या शक्तींची, अनामिकांची, त्यामुळे शीर्षकात येतं ते बेटाचं नाव. मुलीला तिथे जागाच नाही. त्या शिळा उभ्या आहेत तोवर ती अर्हाच राहणार. तिला 'टेनार' हे नाव परत मिळतं आणि ती तिथून निसटते, तेव्हा शिळा कोसळतात. माझ्या मते शीर्षकाचं इतकं नेमकं वाचन पदवीच्या वर्गात क्वचितच ऐकायला मिळतं.

मागून एका मुलानं विचारलं, "पण तिथे शिरलेला जादूगार गेड काठीचा उजेड पाडतो, तेव्हा तिला तळघराच्या भिंतींवरचे स्फटिक पहिल्यांदा दिसतात. म्हणजे हातानं तिला अर्धंच कळलं होतं ना?"

ती क्षणभरही थांबली नाही. "हो, स्फटिक कळले नव्हते. पण उजेड असून आत अडकला तो गेडच. आणि बाहेरची वाट कोणाला माहीत होती?"

तो पुठ्ठा तोवर तिसऱ्या रांगेत पोचला होता. एक मुलगी डोळे मिटून तिसऱ्यांदा त्याच फाट्यावर अडली होती आणि शेजारणीला मदत करू देत नव्हती.

शेवटच्या प्रकरणाबद्दल मात्र तिची तक्रार होती. हॅवनॉर शहराचे पांढरे मनोरे लांबूनच दिसतात, हाताला काही लागतच नाही. लेखिकेनं तिथे टेनारला पुन्हा नुसतं बघायला लावलं. मी म्हटलं, "शेवटचं वाक्य परत ऐक." तिनं फोन कानाला लावला. त्या वाक्यात टेनार गेडचा हात धरून चालत असते. "हा परिच्छेद बदलून सोमवारी देते, मॅडम," ती म्हणाली.