बोटभर

कोल्हापुरात टाउन हॉलच्या बागेत दुपारी जी गर्दी असते ती समोरच्या सीपीआर दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांची. डबे सोडायचे, चार घास खायचे आणि सावली बघून तिथंच आडवं व्हायचं. मीही कुणाच्या तरी डिस्चार्जच्या कागदांची वाट बघत बसले होते. शेजारच्या झाडाच्या मुळांत मातीचा बैल दिसला. बोटभर. बेंदूर नुकताच होऊन गेलेला. पूजा झालेला बैल टाकवत नाही आणि घरात ठेवावा तर पोरं मोडतात, म्हणून कुणीतरी इथं आणून ठेवला असणार. एक शिंग पावसात विरघळलेलं, पाठीवर अंगठ्याचा ठसा मात्र शाबूत.

आमच्याकडं कुंभारमावशी बुट्टीतनं बैल घेऊन यायच्या. आजी सुपातनं जोंधळे घालायची आणि जोडी निवडायला बसायची. त्यात माझी लुडबुड. मला सारखे दोन नकोच असायचे. एक थोराड आणि एक पिटुकला हवा. ‘असल्या जोडीनं औत चालंल व्हय गं?’ आजी करवादायची. शेवटी पिटुकला वरकड म्हणून मिळायचा. त्याच्या तोंडाला पुरणपोळी लावली की पुरण ओल्या मातीला चिकटायचं, आणि रात्रीपर्यंत मुंग्या त्याचा निम्मा चेहरा घेऊन जायच्या.

मोठ्या पुतळ्यांचं मला वावडं नाही. शिवाजी चौकातला बाबूराव पेंटरांचा महाराजांचा पुतळा डोळे भरून बघितल्याशिवाय मी कधी पुढं जात नाही. पण फुटांचं वेड काही झेपत नाही. गणपतीत पहिला प्रश्न, ‘तुमचा किती फुटी?’ नाकडोळे कसे आलेत हे मागनं. मिरवणुकीत तर चार पोरं फक्त बांबूनं वायरी वर उचलायलाच लागतात.

आणि याच बागेत, १८७० च्या दशकात मेजर मँट या इंग्रज वास्तुकारानं बांधलेल्या त्या टोकदार मनोऱ्यांच्या इमारतीतल्या म्युझियममध्ये, पोसायडन उभा आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, काशाचा, वीतभरसुद्धा नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडला, सातवाहन काळातला. रोमशी व्यापार चालायचा तेव्हा कुठल्या तरी बंदरात उतरला आणि घाट चढून इथवर आला. कुणी आणला, कशाला, देव्हाऱ्यात ठेवला की पोराला खेळायला दिला, काही पत्ता नाही. हातातला त्रिशूळ गेला, पण हात तसाच उगारलेला. मांडीचे, पोटाचे स्नायू इतके नीट, की तालमीतला वस्तादसुद्धा नाव ठेवणार नाही. मी काचेला नाक लावून बघत राहते. एकदा तिथल्या मामांनी विचारलं, ‘काय हरवलंय काय?’

परवा भाचीनं मोबाइलवर बुडापेस्टचे फोटो दाखवले. तिथं कोलोडको नावाचा एक शिल्पकार तळहातात मावतील एवढी काशाची शिल्पं कठड्यांवर, भिंतींच्या कोपऱ्यांत बसवून जातो. बऱ्याचदा परवानगीची भानगडच नाही. लोक हुडकत फिरतात. ‘मावशी, टाउन हॉलच्या बागेत असलं केलं तर?’

मी क्षणभर हरखले. मुळांत एखादा पैलवान, तोफेच्या गाड्यावर म्हैस, फांदीच्या बेचक्यात एक वटवाघूळ. मग पुढचं सगळं दिसायला लागलं. आधी ठराव. मग भोवती लोखंडी ग्रिल, ग्रिलला ऑइलपेंट. उद्घाटनाला मांडव. कोनशिला अडीच फुटी, तिच्यावर सगळ्यांची नावं पदांसकट, आणि शिल्पकाराचं तळाला, गवताआड. आणि पैलवानाच्या गळ्यात पहिल्याच दिवशी एवढा मोठा हार, की तो गुडघ्यापर्यंत नव्हे, आख्खाच झाकला जाईल.

भाचीला म्हटलं, करा बाई. पण कुणाला सांगू नका.