रुमण्यापासून गिअर नॉबपर्यंत, आमची वाटचाल

लोक फोनवर विचारतात, भाऊ तुमची कंपनी कुठं आहे. कंपनी वगैरे काही नाही बाप्पा, हिंगणघाटपासून आत गाव आहे, टिनाचं शेड, एक सेकंडहँड सहा फुटी लेथ (धातू फिरवून तासायचं मशीन), एक ड्रिल, एक बफिंगची मोटर आणि मी, बाबा अन् गावातलाच एक पोट्टा. गाडीच्या गिअरच्या दांड्यावर बसते ती मूठ, म्हणजे गिअर नॉब, बनवतो. मे महिन्यात दुपारी शेडमध्ये उभं राहवत नाही म्हणून काम सकाळी सहाला सुरू होते.

बाबांचं मूळ काम लोहारकीचं. वखराची पास, डवरे, तिफणीचे फण, बंडीच्या लाकडी चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवणं. धाव लालबुंद तापवायची, चाकावर ठोकून बसवायची आणि वरून बादलीभर पाणी, की ती अशी आवळते की लाकूड करकरते, पॉलिटेक्निकला गेल्यावर यालाच श्रिंक फिट म्हणतात म्हणून शिकवलं तेव्हा मला हसूच आलं. शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, छकडे पण यायचे आमच्याकडे, त्यात वजन कमी आणि पकड मजबूत पाहिजे. बाबांची एक सवय होती, कोणाला नवीन रुमणं, म्हणजे नांगर-वखराची हातात धरायची मूठ, बसवायचं असलं की आधी त्याला ओल्या मातीचा गोळा मुठीत आवळायला लावायचे आणि त्या मापानं लाकूड तासायचे. म्हणायचे, "हाताले रुतलं तर दिवसभर शिव्या मलेच देईन ना तो."

ट्रॅक्टर आले तसं हे काम बसत गेलं. मग कर्ज काढून नागपूरहून लेथ आणली आणि जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांचं, काम धरलं, डबल रोलर जिनचे शाफ्ट, बुश, असंच. कापसाच्या सीझनमध्ये जिनवाले रात्री दोन वाजता पण शाफ्ट घेऊन दारात उभे राहतात, पैसे बरे मिळतात, पण उन्हाळा लागला की लेथवर धूळ.

अशाच एका रिकाम्या सीझनच्या आधी एका जिनवाल्या शेठजींचा भाचा आपल्या मित्राला घेऊन आला. मित्राकडं निसानची 370झेड, तेच ते 3.7 लिटर व्ही6 वालं दोन सीटचं धूड, 2010 मध्ये भारतात आलं होतं. गाडी जमिनीला इतकी चिकटलेली की आमच्या गावरस्त्यावर आणायची त्याची हिंमतच झाली नाही, हायवेवर टपरीजवळ ठेवून दोघं गावातल्या एकाच्या मोटरसायकलवर ट्रिपल सीट आले. त्याला गिअरच्या दांड्यावर पितळेचा गोल नॉब पाहिजे होता, बाहेरून मागवला तर महाग आणि तो सगळ्यांसारखाच. मी म्हटलं करून टाकू, त्यात काय आहे.

त्यात काय आहे ते नंतर समजलं. साध्या लेथवर गोळा काढायचा तर टूल अर्धगोल फिरलं पाहिजे, ते अटॅचमेंट मी भंगारातल्या बेअरिंगवर बनवलं, त्यातच चार दिवस गेले. पितळेला टूलची धारही वेगळी घासावी लागते, वरचा उतार शून्य ठेवायचा, लोखंडासारखी धार दिली की टूल पितळेत घुसते आणि जॉब चकमधून उपसून काढते. एक तुकडा असाच भिंतीवर जाऊन आदळला. 50 मिलीमीटरचा गोळा निघाला तेव्हा काट्यावर टाकला, साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. तेवढाच ॲल्युमिनियमचा केला तर पावणेदोनशे भरतो. जड पाहिजे कारण एकदा ढकलला की स्वतःच्या वजनानंच गिअरमध्ये जाऊन बसतो, हाताला जोर कमी लागतो.

मग भोक, आटे, पॉलिश, सगळं झालं आणि मी आरशासारखा चमकणारा नॉब फडक्यात गुंडाळून हायवेवर गेलो. टपरीवर चहा पिणारे दहा-बारा लोक गाडीभोवती जमले. नॉब लावला, दोन आटे फिरला आणि अडकला. जोर लावून पाहतो तर हलेना. मी 10 मिलीमीटरचा 1.5 पिचचा टॅप (आटे पाडायचं हत्यार, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) मारला होता, कारण तोच आमच्या डब्यात असतो, रोज तोच लागतो, आणि त्या गाडीच्या दांड्याला 1.25 चे आटे. भोक सुद्धा वेगळं, 1.5 ला साडेआठ मिलीमीटरचं ड्रिल चालते, 1.25 ला 8.8 लागते. गर्दीतून कोणीतरी म्हटलं, "काऊन भाऊ, बंडीचा आहे का?" पोट्टे फिदीफिदी हसले. पुढच्या वेळी पिच गेज खिशात घेऊनच निघालो. तो चुकलेला नॉब वाया नाही गेला, जुन्या होंडा सिटीवाल्याला बरोबर बसला, होंडाला 1.5 च लागते. पहिली विक्री ती झाली म्हणायची, 1200 रुपये.

370झेडवाल्याला दुसरा बनवून दिला, खूश झाला, आणि मे महिन्यात त्याचा फोन. दुपारभर गाडी उन्हात उभी होती, आत बसून गिअर टाकायला गेला तर तळहात पोळला, नागपूरपर्यंत दुपट्टा गुंडाळून गिअर टाकत गेला. आमच्याकडं पारा 45 च्या वर जाते आणि बंद गाडीत तर विचारूच नका, हे मला, भट्टीजवळ वाढलेल्या माणसाला, सुचलं नाही याची लाज वाटली. बाबा बाजूला बसून ऐकून राह्यले होते. म्हणाले, "रुमणं लोखंडाचं पाह्यलं का रे कधी?" बस, तिथंच विषय संपला. तेव्हापासून खालचा भाग पितळेचा ठेवतो, वजनासाठी, आणि जिथं तळहात टेकतो तिथं सागवानाची टोपी बसवतो. लाकूड पाडलेल्या घरांच्या जुन्या चौकटींचं घेतो, नवीन सागवान पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फट पाडते, जुन्याचं फुगणं-आकसणं फार होत नाही. तासायचं काम बाबांचं. ग्राहकाला सांगतो, घरी ओल्या मातीचा नाहीतर कणकेचा गोळा मुठीत आवळा आणि बाजूला पट्टी ठेवून फोटो पाठवा. काही जणांना वाटते मस्करी करून राह्यलो.

दांडा आखूड करायचं काम पण करतो, पण आधी समजावतो. दांडा आखूड झाला की हात कमी फिरतो पण जोर जास्त लागतो, हँडपंपाचा दांडा अर्ध्यातून धरून पाहा म्हणतो. दांड्याच्या बुडातलं रबरी बुश काढून पितळेचं बसवून द्या म्हणणारे पण येतात. एकाला बसवून दिलं, गिअर टकाटक पडायला लागले पण इंजिनची सगळी घरघर दांड्यातून वर, आठ दिवसात वापस. आता डेलरिनचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, बसवतो, कडक पण आहे आणि कुरकुर पण कमी. अन् गिअर टाकताना खरडल्याचा आवाज येत असेल तर मी नॉब विकत नाही, मेकॅनिककडं पाठवतो, सिंक्रो रिंग (गिअरची गती जुळवणारी आतली रिंग) घासली असेल तर जड नॉबनं फक्त दुखणं झाकते.

ज्या गाड्यांना रिव्हर्ससाठी रिंग वर ओढावी लागते त्यांचे नॉब अजून जमले नाहीत, ह्युंदाईवाले भाऊ रागावू नका, एक नमुना बनवून ठेवला आहे पण स्प्रिंग अडकते.

पुण्याहून दोन ऑर्डर पडून आहेत, रोज फोन येते. पण सध्या कापूस चालू झाला, काल रात्रीच तीन शाफ्ट आले आणि लेथ त्यांच्यातच गुंतली आहे. बाबांनी दोन्ही टोप्या तासून डब्यात ठेवल्या आहेत, पितळ बाकी आहे. घाई असेल त्यांनी जिनिंगचा सीझन उतरल्यावर फोन करा.