तुम्ही विचारलंत म्हणून: ग्लुटामेट कमी केलं की घाबरणं जाईल का?

दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. मी फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते आणि मला स्वतःला अँक्झायटीचा त्रास होता हे मी लपवत नाही, त्यामुळे जुने विद्यार्थी, नातेवाईक, सोसायटीतल्या मैत्रिणी सगळे तेच विचारतात, की मॅडम, मेंदूत ग्लुटामेट नावाचं रसायन वाढलं की घबराट होते म्हणे, मग ते कमी करायची गोळी नाही का? आणि अजिनोमोटो बंद करू का?

अजिनोमोटोचं आधी सांगते, ते सोपं आहे. अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेटचंच मीठ. ग्लुटामेटची चव १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून वेगळी काढली, पण ते टोमॅटोत असतं, चीजमध्ये असतं, आईच्या दुधातसुद्धा भरपूर असतं. खाल्लेलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच वापरून टाकतात, उरलेल्याला रक्तातून मेंदूत सहज शिरता येत नाही, आणि मेंदू स्वतःला लागणारं ग्लुटामेट स्वतःच बनवतो. चायनीज खाल्ल्यावर त्रास होत असेल तर नका खाऊ, पण घबराटीचं मूळ तिथे शोधू नका.

आता मुख्य गोष्ट. ग्लुटामेट म्हणजे एका पेशीनं दुसरीला "चल, उठ" म्हणायचा निरोप. बघणं, ऐकणं, आठवणं, आत्ता तुम्ही हे वाचताय ते, सगळं त्याच्यावर चालतं. आणि पेशींना शांत करणारं जे रसायन, गाबा, ते मेंदू ग्लुटामेटपासूनच बनवतो, एक एन्झाइम आणि बी-६ जीवनसत्त्व एवढं पुरतं. म्हणून "वाईट ग्लुटामेट, चांगलं गाबा" असं कुणी सांगितलं की मला राहवत नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या गाबाचा जोर वाढवतात, तासाभरात बरं वाटतं, पण त्यांची सवय लागते आणि त्या भीतीला काही शिकवत नाहीत.

शिकवत नाहीत असं का म्हणते ते माझ्याच गोष्टीवरून सांगते. काही वर्षांपूर्वी मी आमच्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मधे चाळीस मिनिटं अडकले, लाइट गेलेली, मोबाइलला रेंज नाही, आणि त्यानंतर लिफ्टचं दार दिसलं तरी छातीत धडधड, हाताला घाम, पाचव्या मजल्यावर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिन्यानं जायचे. त्या चाळीस मिनिटांत माझ्या अमिग्डालात, म्हणजे मेंदूतल्या त्या बदामाएवढ्या भागात, "लिफ्ट म्हणजे धोका" हे पक्कं झालं, आणि ते पक्कं करणारं ग्लुटामेटच. एनएमडीए नावाचा त्याचा एक रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची निरोप घेणारी जागा, असतो, त्याला मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. ग्लुटामेट आलं आणि त्याच वेळी पेशी आधीच जागी असली तरच ते बूच निघतं, आत कॅल्शियम जातं आणि त्या दोन पेशींमधली वाट रुंद होते. म्हणजे दोन गोष्टी एकदम घडल्या तरच त्यांची गाठ बसते. लिफ्ट आणि जीव गुदमरणं.

आणि हीच गोष्ट मला फार मोलाची वाटते, की भीती सुटतानाही हाच रिसेप्टर लागतो. प्राण्यांमध्ये तो औषधानं बंद केला तर भीती नीट विझत नाही, कारण विझणं म्हणजे विसरणं नसतं, "लिफ्टमध्ये गेले आणि काही झालं नाही" हे नव्यानं शिकणं असतं. मग सरसकट ग्लुटामेट दाबून कसं चालेल?

यावरून अटलांटाच्या एमरी विद्यापीठात एक सुंदर प्रयोग झाला, २००४ मध्ये छापून आला. सायक्लोसेरिन हे टीबीचं जुनं औषध, आपल्याकडे एमडीआर, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या पेशंटना देतात ते. एनएमडीएला ग्लुटामेटसोबत अजून एक किल्ली लागते, हे औषध त्या दुसऱ्या किल्लीच्या जागी थोडंफार चालतं. उंचीची भीती असलेल्या २८ जणांना कॉम्प्युटरवरच्या आभासी काचेच्या लिफ्टमधून वर नेलं, काहींना त्याआधी एक गोळी, काहींना नुसतीच खोटी गोळी, फक्त दोन सेशन. गोळीवाल्यांची भीती जास्त उतरली, तीन महिन्यांनीही फरक टिकला. मी हे पहिल्यांदा वर्गात शिकवलं तेव्हा आवाज कापला होता माझा. पण पुढच्या मोठ्या अभ्यासांमध्ये फायदा छोटाच निघाला, आणि सेशन वाईट गेलं, माणूस घाबरलेलाच बाहेर पडला, तर गोळी तीच भीती पक्की करू शकते असंही दिसलं. शिवाय टीबीच्या रोजच्या मोठ्या डोसमध्ये हेच औषध काही पेशंटना बेचैनी, भ्रम असे त्रास देतं. तेव्हा कृपा करून कुणी मेडिकलवाल्याकडे मागायला जाऊ नका.

ग्लुटामेटवरच्या बाकीच्या औषधांचं थोडक्यात. लिली या औषध कंपनीचं ग्लुटामेट सुटणं कमी करणारं एक औषध अँक्झायटीवर चालेल असं दिसत होतं, पण प्राण्यांमध्ये फिट्स दिसल्या आणि ट्रायल मधेच थांबवली. भूल द्यायच्या केटामाइनच्या भावाला, एसकेटामाइनला, अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली ती हट्टी डिप्रेशनसाठी, अँक्झायटीसाठी नाही. प्रत्यक्ष वापरात आहे ते प्रीगाबालिन. शुगरवाल्यांच्या पायाची आग होते तेव्हा देतात तेच. ते पेशीच्या कॅल्शियमच्या वाटेला धरतं, त्यामुळे अति उत्तेजित झालेल्या पेशीतून ग्लुटामेट कमी सुटतं. युरोपात २००६ पासून अँक्झायटीसाठी मान्य आहे. पण गुंगी येते, सवय लागते, आणि एकदम बंद करायचं नसतं, म्हणून सायकिअ‍ॅट्रिस्टशिवाय नको.

मला स्वतःला एसएसआरआय, म्हणजे सेरोटोनिनवर काम करणारं, डिप्रेशन-अँक्झायटीचं नेहमीचं औषध दिलं होतं, आणि सोबत काउन्सेलरनं लिफ्टमध्ये उभं केलं. आधी दार उघडं ठेवून, मग बंद करून, मग एक मजला, मग पाच. प्रत्येक वेळी धडधड उतरेपर्यंत बाहेर यायचं नाही हा त्यांचा एकच नियम होता, आणि त्याचं कारण मला माहीत असूनही पहिल्या दिवशी मी रडले.

परवा भाच्याच्या नव्या घरी गेले, अकरावा मजला, अनोळखी लिफ्ट, आणि दार बंद होताच ती जुनी धडधड आली. जुनी गाठ तिथेच असते, नवी तिच्यावर बसलेली असते आणि जागा बदलली की ढिली पडते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. वर पोचले, भाच्याला म्हटलं चहा टाक, मी आलेच, आणि त्याच लिफ्टनं खाली जाऊन परत वर आले, दोनदा.