उलटा आलेला रिपोर्ट

ऑगस्टमधली गोष्ट. पन्नाशीचा शेतकरी, सिंधुदुर्गातला. तीन आठवडे ताप, खोकला, वजन उतरलेलं. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग. टीबीसाठी थुंकी दोनदा निगेटिव्ह, सीबीनॅट ही टीबीची जनुकीय चाचणीही निगेटिव्ह, तरी मी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केली. वरचा डाग दिसला की आपला हात आपसूक टीबीच्या गोळ्यांकडे जातो.

दहा दिवसांनी तो धापा टाकतच आला. शुगर ३९०. "डॉक्टरानू, गोळये खाऊन तोंड कडू झाला, ताप काय सुटत नाय."

दाखल केला. सोनोग्राफीत प्लीहेत पुवाचे बारीक बारीक गळू दिसले, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. ब्लड कल्चरचा (रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा) रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला: 'स्युडोमोनास स्पिशीज'. फाईल मिटणारच होतो, पण खालची औषधांची यादी वाचली. जेन्टामायसिन, कोलिस्टिन दोन्ही अँटिबायोटिक्स रेझिस्टंट, म्हणजे निकामी, आणि साधं को-अमॉक्सिक्लॅव्ह सेन्सिटिव्ह, म्हणजे लागू! नेहमीच्या स्युडोमोनासच्या बरोबर उलट.

लॅबला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "प्लेट अजून टाकलेली नाही, थांबा." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आले. प्लेटवर जंतूंच्या वसाहती कोरड्या, सुरकुतलेल्या. स्लाइडवर जंतूंची दोन टोकं गडद, मधला भाग फिकट, थेट सेफ्टी पिन. बर्कहोल्डेरिया स्युडोमलाय, म्हणजे मेलिओइडोसिस. १९११ साली रंगूनमध्ये नोंदला गेलेला हा रोग मी परीक्षेपुरता पाठ केला होता. जंतू राहतो भातखाचरातल्या चिखलात. आमचा माणूस जुलैभर अनवाणी लावणी करत होता, आणि मधुमेहाच्या गोळ्या त्याने कधीच सोडल्या होत्या. हे मी पहिल्या दिवशी विचारलंच नव्हतं.

एकेटी बंद, सेफ्टाझिडिम शिरेतून सुरू. पुढचे आठ दिवस माझी परीक्षा. सहाव्या दिवशीही ताप १०२. मुलगा रोज दारात उभा: "गोव्याक हलवूया काय?" या रोगात ताप आठवडाभरही उतरत नाही हे मला ठाऊक होतं, पण चार्टकडे बघताना पोटात गोळा यायचाच. नवव्या दिवशी उतरला. प्लीहेतल्या गळवांमुळे इंजेक्शनं चार आठवडे चालवली आणि मग तीन महिने को-ट्रायमॉक्साझोल, कारण गोळ्या अर्धवट सोडल्या की हा जंतू पुन्हा डोकं वर काढतो.

जानेवारीत शेवटच्या तपासणीला आला, गालांवर मांस धरलं होतं. मी म्हटलं, "पुढच्या लावणीला गमबूट घालायचे."

तो हसला. "ते चिखलात रुतान बसतत, डॉक्टरानू. तुमी एकदा लावणेक येवा, मगे सांगा."