तुम्ही विचारलंत म्हणून: ओपीजीत एका बाजूच्या दाढा मोठ्या का दिसतात?

ओपीजीची (दोन्ही जबडे आणि सगळे दात एकाच चित्रात दाखवणाऱ्या एक्सरेची) फाइल व्हॉट्सॲपवर गेली की संध्याकाळपर्यंत कुणाचातरी मेसेज येतोच, 'एका बाजूच्या दाढा एवढ्या मोठ्या का, जबडा वाकडा झालाय का?' मी दादरला एक्सरे सेंटरवर काम करतो, हा प्रश्न रोजचा आहे, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

बहुतेक वेळा जबडा ठीक असतो हो, मान वळलेली असते. ओपीजी एका क्लिकमध्ये निघत नाही, एक्सरेची नळी डोक्यामागून आणि सेन्सर चेहऱ्यासमोरून असे दोघं मिळून पंधराएक सेकंद फिरतात आणि त्यात घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक पट्टाच काय तो नीट येतो. त्याला फोकल ट्रफ म्हणतात, आणि समोरच्या दातांपाशी तो फारच अरुंद असतो. दात त्याच्या पुढे सरकले की बारीक दिसतात, मागे गेले की रुंद आणि धूसर. मान वळली की एकीकडच्या दाढा नळीच्या जवळ जातात, त्या फुगतात, दुसरीकडच्या आखडतात. हनुवटी खाली गेली तर फिल्ममध्ये माणूस उगाच हसत असतो, वर गेली तर तोंड पाडून बसलेला. म्हणूनच आम्ही 'ब्लॉकच्या खाचेतच चावा, जीभ टाळूला लावा' असं सारखं ओरडतो (ब्लॉक म्हणजे मशीनवरचा, दातांत धरायचा छोटा तुकडा). जीभ खाली राहिली की वरच्या मुळांवर हवेचा काळा पट्टा येतो. आणि लोकलमध्ये मोबाइलवर वाकतो तसं पोक काढून उभं राहिलात तर मणक्याची पांढरी सावली बरोबर समोरच्या दातांवर!

कानातलं काढा म्हटलं की काकू नाराज होतात, 'दात काढायचेत की कान?' पण डाव्या कानातल्याची सावली उजवीकडे पडते, जरा वर, मोठी आणि पुसट, आणि मग डॉक्टर विचारतात हे काय आहे.

आता मोजमाप. काहीजण मोबाइलवर पट्टी लावून 'हाड इतकंच उरलंय का' विचारतात. असं मोजू नका. ओपीजीत सगळं साधारण 20 ते 30 टक्के मोठं येतं, तेही सगळीकडे सारखं नाही, त्यातही आडवं माप जास्त फसवं. इम्प्लांटसाठी हाडाची जाडी हवी असेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन लागतो, त्यात रेडिएशन सहसा ओपीजीपेक्षा जास्त असतं, त्यामुळे तो डॉक्टरांनी लिहून दिला तरच काढायला या.