माणसाला पीसीयू नसतो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणजे आमच्या जेलरोडच्या सोसायटीचे सेक्रेटरी, दिरांचे मित्र, शालिमारच्या शेअर रिक्षात मांडीला मांडी लावून बसलेल्या बाई, आणि परवा एका बारशात, हातात घुगऱ्या घेऊन, साक्षात बाळाचे आजोबा. प्रश्न एकच. "ताई, तुमचं तर कामच हे. नाशिकरोड स्टेशन नवं झालं की बाहेरची कोंडी सुटेल का वाढेल?" मी म्हणते, अवलंबून आहे. समोरच्याचा चेहरा पडतो. मग तो विचारतो, "मग तुम्ही त्या रिपोर्टात लिहिता तरी काय?"

हा दुसरा प्रश्न खरा. तो मी आजवर उभ्याउभ्या टाळत आले.

आधी माझ्या धंद्याची थोडी वकिली करते. स्टेशन पाडून नवं बांधायचं ठरलं की आमच्यासारख्यांना बोलावतात. आम्ही चौकाचौकात पोरं बसवून गाड्या मोजतो. कोण कुठून आलं, कशानं आलं ते विचारतो. पार्किंगमध्ये गाडी किती वेळ पडून असते ते टिपतो. मग वीस वर्षांनी काय होईल याचा अंदाज मांडतो: किती फेऱ्या वाढतील, त्यातल्या किती बसनं, किती रिक्षानं, त्या कुठल्या रस्त्यावर पडतील आणि त्याला ते पेलेल का. सगळ्याच्या शेवटी एक भागाकार उरतो. रस्त्यावरची वाहनं भागिले रस्त्याची क्षमता. उत्तर एकच्या बरंच खाली आलं तर बैठकीत चहा येतो. एकच्या वर गेलं तर 'उपाययोजना' हे प्रकरण जाड होतं. आम्ही ज्योतिषी नाही, पण अंदाजपंचेही नाही.

आता त्या भागाकारातली मेख. ट्रक, सायकल, रिक्षा एकत्र मोजायच्या तर सगळ्यांना एका मापात आणावं लागतं. त्या मापाला पीसीयू म्हणतात, म्हणजे पॅसेंजर कार युनिट. एक मोटार म्हणजे एक. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत प्रत्येकाचा भाव ठरलेला आहे: दुचाकी अर्धा ते पाऊण, रिक्षा १.२ ते २, बस २.२ ते ३.७. टांग्यालासुद्धा दीड ते दोन आहे. हातगाडीला दोन ते तीन, म्हणजे कधीकधी बसपेक्षा जास्त. पायी चालणाऱ्या माणसाला काही नाही. पादचाऱ्यांसाठी वेगळी मार्गदर्शिका आहे, २०१२ साली सुधारलेली, आणि चांगली आहे. पण ती वेगळी आहे. भागाकार एका प्रकरणात, माणसं दुसऱ्या प्रकरणात, आणि बैठकीत वेळ एकाच प्रकरणापुरता असतो.

दुसरी मेख, सोडायला येणाऱ्या गाड्यांची. दारासमोर गाडी थांबवायला एक जागा आहे असं धरा. गाडी दोन मिनिटं थांबली तर त्या जागेवरून तासाला तीस गाड्या निघतात. पाच मिनिटं थांबली तर बारा. कागदावर दोन मिनिटं लिहायला कुणाचं काय जातं? पण आपल्याकडे आत्याबाई उतरतात, डिकीतून बॅग निघते, मग पिशवी निघते, मग नातू पाया पडतो, मग चष्मा सीटवर राहिल्याचं लक्षात येतं. पाया पडायला लागणारा वेळ कुठल्याच मार्गदर्शिकेत नाही. शेअर रिक्षाचं तर विचारूच नका. ती 'सीबीएस, शालिमार' करत सीट भरेपर्यंत उभीच. मोजणीच्या कागदावर मात्र ती एकदाच येते, निघताना.

आणि आमचं गाव काही साधं नाही. इतर कित्येक शहरांत स्टेशनच्या भोवती गाव वाढलं, आपलं गाव गोदाकाठी आणि स्टेशन नऊ-एक किलोमीटर लांब. हे दुखणं इतकं जुनं की १८८९ साली त्यावर घोड्यांची ट्राम काढली होती, मेनरोडपासून नाशिकरोडपर्यंत. ट्राम गेली, टांगे गेले, आता सिटीलिंकच्या बस आहेत आणि रिक्षा आहेत. मध्ये निओ मेट्रो, रबरी टायरवर धावणारी, येऊन गेली, म्हणजे बातमीत. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्या नावावर २,०९२ कोटी रुपये होते. त्या वर्षी नाशिकरोडचा अंदाज मांडणाऱ्या कुणीही तिचे प्रवासी आपल्या तक्त्यात धरले असते. मीही धरले असते. मग ते प्रवासी आज कुठे उभे असते? रिक्षा स्टँडवरच.

म्हणून मी 'अवलंबून आहे' म्हणते. स्टेशनच्या पलीकडच्या, सिन्नर फाट्याच्या बाजूनं किती माणसं आत-बाहेर करू लागतील यावर. स्टेशनात वर दुकानं काढली तर रेल्वेशी काही घेणंदेणं नसलेली किती माणसं तिथे येतील यावर. स्टेशनजवळच्या बिटको चौकात आधीच उरलेली जागा किती यावर. हे सगळं बारशात सांगता येत नाही.

पण एवढ्यावर थांबले तर ती नुसतीच वकिली होईल.

दहाएक वर्षांपूर्वी एका स्टेशनच्या रिपोर्टावर काम केलं. स्टेशनचं नाव सांगणार नाही; नाशिकरोड नव्हे, एवढं पुरे. तिथे संध्याकाळी दोन गाड्या नऊ मिनिटांच्या अंतरानं यायच्या. आम्ही मोजणी केली त्या बुधवारी दोन्ही वेळेवर आल्या. पहिलीची माणसं पूल उतरून गेली, पूल मोकळा झाला, मग दुसरीची आली. तासाची सरासरी काढली तर पूल ऐसपैस होता. आता पहिली गाडी नऊ मिनिटं उशिरा आली तर? हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझे वडील बावीस वर्षं मुंबईच्या पंचवटी एक्सप्रेसचे पासधारक. गाडीचा उशीर हा आमच्या घरातल्या जेवणाच्या वेळेचा भाग होता.

मी आलेख काढलाही होता. दोन्ही गाड्या एकदम लागल्या तर पुलावर दर मिनिटाला किती माणसं. साहेब म्हणाले, अपवादात्मक स्थिती आहे, परिशिष्टात टाक. मी टाकला, परिशिष्ट सातमध्ये. परिशिष्ट सात कोण वाचतं ते मला ठाऊक होतं. दुसऱ्यांची परिशिष्टं मीही वाचत नाही.

आणखी एक. काम चार वर्षं चालणार होतं. रिपोर्टात आजची स्थिती होती, वीस वर्षांनंतरची होती, मधल्या चार वर्षांना दीड पान होतं. त्याचा मराठी गोषवारा माझ्या हातचा, कारण चमूत मराठी लिहिणारी मी एकटी. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे: 'बांधकाम कालावधीत पादचाऱ्यांसाठी पर्यायी व्यवस्था करण्यात येईल.' करण्यात येईल. कोण करणार? आपल्या सरकारी मराठीत ही फार सोयीची जागा आहे. क्रियापद बसतं, कर्ता उभाच राहत नाही. मी ते वाक्य लिहिलं, वर स्वल्पविराम तपासला, आणि डबा खायला गेले.

तीन वर्षांनी मावसभावाच्या लग्नासाठी आईला घेऊन त्याच स्टेशनवर उतरले. आईनं डब्यात ओळख झालेल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "हे स्टेशन हिनं केलंय." मी काही केलेलं नव्हतं, मोजलं होतं. पाऊस लागला होता. जुना रुंद जिना पत्रे ठोकून बंद केलेला आणि बाण एका अरुंद पुलाकडे. आमची गाडी उशिरा पोचली होती. किती मिनिटं, ते तुम्ही ओळखलं असेल.

आम्ही पुलावरून पलीकडचा जिना उतरायला लागलो आणि दुसरी गाडी लागली. खालून माणसं वर, वरून खाली, मध्ये छत्र्या. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते. ती कठड्याला धरून चार पायऱ्या उतरली, आणि पाचवीवर बसली. पडली नाही, बसली. तिच्या मांडीवर चिवड्याचा डबा.

मी आधी ओरडले नाही. हे लिहायला लाज वाटते, पण मी आधी मोजलं. एका चौरस मीटरमध्ये किती डोकी? पाच, सहा. सातच्या आसपास गेलं की गर्दी पाण्यासारखी वागू लागते, कुणाच्या मर्जीला अर्थ उरत नाही. हे मला माहीत होतं, आणि माझी आई खाली बसली होती, आणि माझं डोकं आकडा लावत होतं. तेवढ्यात वरून मेथीचं गाठोडं घेऊन एक बाई आली. तिनं गाठोडं आईच्या मागच्या पायरीवर आडवं टाकलं, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि ओरडली, "ओ, म्हातारं मानूस बसलंय खाली! बाजूनं जा, बाजूनं!" गर्दी गाठोड्यावर आली आणि दोन्हीकडून वाट काढून खाली गेली. बंधाऱ्यावरून पाणी वळतं तशी. किती वेळ, ते मी मोजलं नाही. ओसरल्यावर तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं, मला म्हणाली, "तुमी हायत ना संगं? मग बघत काय व्हता?" आणि गेली.

आमच्या मुलाखतीच्या फॉर्ममध्ये 'सामान: आहे/नाही' एवढाच रकाना होता.

बाहेर चहाच्या टपरीशी आईला स्टुलावर बसवलं. तिनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि विचारलं, "हेच ना गं तू मोजलं होतंस?" टोमणा नव्हता. तिला खरंच शंका आली होती की आपण भलत्याच स्टेशनवर तर उतरलो नाही ना.

त्यावेळची मी, एकतिशीतली, आजही माझ्याशी भांडते. ती म्हणते, तू आलेख काढला होतास, दाबला साहेबांनी. मी म्हणते, सही माझीही होती. ती म्हणते, सही केली नसती तर दुसऱ्या कुणी केली असती, आणि त्यानं परिशिष्टही जोडलं नसतं. हे खरं आहे, म्हणूनच राग येतो. ती म्हणते, शेवटी झालं काय? कुणी मेलं नाही, पेपरात चार ओळी नाहीत, घटना म्हणावी असं काही घडलंच नाही. तेही खरं. मला जे दिसलं ते कुठल्याच नोंदीत नाही. २०१७ साली मुंबईत एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले तेव्हा काही महिने सगळ्यांना पुलांची रुंदी आठवत होती, मलाही बैठकीत एकदम खुर्ची मिळायला लागली. मी ती घेतली. परिशिष्ट सातबद्दल मात्र तिथे बोलले नाही. त्या वर्षी मला बढती हवी होती.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. गाडी उशिरा आल्याचा हिशेब मुख्य प्रकरणात मागते, आणि मधल्या वर्षांसाठी वेगळं प्रकरण मागते, कर्त्यासकट: कोण करणार, कोणत्या महिन्यात, जिना बंद करण्याआधी की नंतर. निम्म्या वेळा मिळतं. उरलेल्या वेळा मी सही करते की नाही, हेही तुम्ही विचाराल. कधी करते, कधी नाही. नियम असा ठरलेला नाही. घराचे हप्ते आहेत.

नाशिकरोडचं म्हणाल तर इथे २ ऑगस्ट २०२७ ला कुंभमेळ्याचं पहिलं अमृत स्नान आहे. कुंभाच्या गर्दीचं आपल्याला कुणी सांगायला नको. २७ ऑगस्ट २००३ ला इथल्याच कुंभातल्या चेंगराचेंगरीत ३९ जण गेले, तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते आणि घरी फोन लागत नव्हता. पण पर्वणीला निदान बंदोबस्त असतो, बॅरिकेड असतात, सगळ्यांचं लक्ष असतं. माझी भीती पर्वणीच्या दिवसाची कमी आणि साध्या मंगळवारची जास्त आहे. पाऊस, एक जिना पत्रे ठोकून बंद, आणि उशिरा आलेली गाडी. तुम्ही बाहेरच्या कोंडीबद्दल विचारता. कोंडीत तुम्ही रिक्षात बसलेले असता, चिडता, उशिरा पोचता. आत काय होईल ते एकदाही कुणी विचारलं नाही. की मीच कधी तिकडे बोलणं वळू दिलं नाही?

मागच्या रविवारी वडिलांना विचारलं. "बाबा, पंचवटी उशिरा यायची आणि दुसरी लागायची, तेव्हा पूल कसा उतरायचात?" त्यांनी पेपरातून मान वर काढली नाही.

"उतरायला कशाला लागतंय? जिन्यासमोर कोणता डबा येतो ते माहीत असायचं आम्हाला. आम्ही पुढेच असायचो. गर्दी असायची ती मागून येणाऱ्यांना."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला नाही कधी सांगितलंत ते."